उसाच्या डबल ट्रॉलीला एअर ब्रेक : कामाच्या नोंदी

१२ ऑगस्ट २०२४

जुलैचा पूर ओसरला आणि गाळप हंगामाला अजून अवकाश आहे, म्हणून हे काम आता हाती घेत आहे. ट्रॅक्टर ५० अश्वशक्तीच्या गटातला आहे. त्याच्यामागे ऊसवाहतुकीच्या, प्रत्येकी चार चाकांच्या दोन ट्रॉल्या चालतात आणि त्यांपैकी एकीलाही स्वतःचा ब्रेक नाही. आमच्या भागात बहुतेक ठिकाणी हेच चित्र आहे. ट्रॅक्टर किती ओढतो हे सगळ्यांना पाठ असते, पण तो किती थांबवू शकतो याचा हिशेब कोणी मांडत नाही. तो आधी मांडतो, कारण पुढचा सगळा खर्च त्याच्यावरच अवलंबून आहे.

ट्रॅक्टरचे वजन २.२ टन आहे. भरलेली एक ट्रॉली ९ टन धरली, तर सगळा गाडा सुमारे २० टनांचा होतो. ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांवर लागतात आणि त्या चाकांवर जेमतेम दीड टन वजन असते. कोरड्या डांबरावर टायरची पकड वजनाच्या साठ टक्के धरली, तरी ब्रेकचा जोर ०.९ टनापलीकडे जात नाही. ब्रेक कितीही चांगले असले तरी त्यापुढे चाके जागीच बसतात आणि ट्रॅक्टर घसरत जातो. चार चाकांच्या ट्रॉलीचे वजन तिच्या स्वतःच्याच चाकांवर असते. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर त्यातले जवळजवळ काहीच येत नाही, त्यामुळे ट्रॉली जड झाली म्हणून ट्रॅक्टरची पकड वाढत नाही.

आता उतार पाहू. वीस मीटर पुढे जाताना एक मीटर खाली येणाऱ्या उतारावर २० टनांचा गाडा १ टन जोराने खाली ओढला जातो. चाकांच्या घर्षणामुळे त्याला ०.३ टनांच्या आसपास विरोध होतो. म्हणजे गाडा नुसता आहे त्या वेगात धरून ठेवण्यासाठीच ट्रॅक्टरच्या पकडीतला बहुतेक भाग खर्च होतो आणि थांबवायला फारसे काही शिल्लक राहत नाही. शेतातून आलेल्या चिखलाने रस्ता निसरडा असला, तर तेवढेही राहत नाही. वाघबीळच्या उतारावर आमचे चालक पहिल्या गिअरमध्ये उतरतात ते याच कारणाने, आणि एकदा वेग वाढला तर पुढे काय होते ते त्या रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले आहे.

त्यामुळे मोठा ट्रॅक्टर घेणे हा यावरचा उपाय नाही. ट्रॉलीचे वजन ट्रॉलीच्याच चाकांनी थांबवले पाहिजे.

२४ ऑगस्ट

तीन प्रकार तपासले. पहिला प्रकार ढकलणीवर चालणारा यांत्रिक ब्रेक. ट्रॉली पुढे ढकलू लागली की तिची दांडी आत सरकते आणि ब्रेक लागतात. हा सर्वांत स्वस्त आहे, परंतु हलक्या ट्रॉलीपुरताच ठीक आहे. लांब उतारावर तो सतत घासत राहतो आणि ट्रॉली मागे घेताना आपोआप लागतो. कारखान्याच्या आवारात गाडा मागे घेण्याची वेळ वारंवार येते, म्हणून तो बाद केला.

दुसरा हायड्रॉलिक. एका ट्रॉलीसाठी तो उत्तम आहे, पण दुसऱ्या ट्रॉलीपर्यंत तेल न्यायचे म्हणजे दर जोडणीला गळती आणि हवा शिरण्याची भीती. शिवाय ट्रॉली सुटली तर तेलाचा पाइप तुटतो आणि ब्रेक लागण्याऐवजी नाहीसा होतो.

तिसरा ट्रकसारखा एअर ब्रेक. याला खर्च जास्त आहे आणि ट्रॅक्टरवर कॉम्प्रेसर बसवावा लागतो. मात्र त्याचे सुटे भाग हमरस्त्यावरच्या कोणत्याही गॅरेजात मिळतात, रात्री दोन वाजतासुद्धा तो दुरुस्त करणारा मेकॅनिक सापडतो, आणि हवेचा पाइप तुटला तर ट्रॉली आपोआप जाम होते. शेवटच्या कारणासाठी हाच निवडला.

गाडीच्या मूळ रचनेत बदल करायचा असेल तर मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ लागू होते, आणि ट्रॉलीची नोंदणी ट्रॅक्टरपेक्षा स्वतंत्र असते. म्हणून हत्यार उचलण्याआधी दोन्ही नोंदणी पुस्तिका घेऊन परिवहन कार्यालयात विचारणा केली. हे काम आधी उरकावे, कारण हंगाम तोंडावर आल्यावर कागदांना वेळ मिळत नाही.

५ सप्टेंबर

ट्रॉलीचे मूळ एक्सल म्हणजे चौरस लोखंडी दांडा आणि त्याच्या टोकांना साधे हब. त्यावर ब्रेकचा ड्रम बसवण्यासाठी जागाच नाही. म्हणून जुन्या ट्रकचे ड्रम, लायनर (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे अस्तर) आणि ब्रेक चेंबर (हवेच्या दाबाने ब्रेक लावणारा डबा) यांसह पूर्ण एक्सल घेतले. प्रत्येक ट्रॉलीला मागे एकच ब्रेकचे एक्सल बसवत आहे. पुढचे एक्सल चकतीवर फिरते, त्यामुळे तिथे पाइप मुरगळतात. मागच्या एक्सलवर ट्रॉलीच्या वजनातला निम्म्याहून थोडा जास्त भार येतो, आणि तेवढ्या चाकांना ब्रेक मिळाला तरी आमचे काम भागते.

जुना ड्रम विकत घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. ड्रमच्या कडेवर तो जास्तीत जास्त किती मिलिमीटरपर्यंत घासला तर चालेल तो आकडा ओतीवातच उठवलेला असतो. आतला व्यास तीन-चार ठिकाणी मोजून त्या आकड्याशी ताडून पाहावा. दुसरे म्हणजे आतल्या पृष्ठभागावर रॉकेलचा बोळा फिरवून, तो पुसून, वरून खडूची पूड मारावी. तडा असेल तर त्यात मुरलेले रॉकेल पुडीतून वर येते आणि काळी रेघ दिसते. आमच्या चार ड्रमांपैकी एकावर अशा बारीक रेघा कडेपर्यंत गेलेल्या दिसल्या. विक्रेत्याचे म्हणणे होते की लेथवर घासून घेतला की त्या जातील. उद्यमनगरातल्या लेथवाल्या काकांनी ड्रम हातात घेऊन कडेला हातोडीने हलकेच वाजवला. बाकीचे तीन घंटेसारखे वाजत होते, हा बद्द आवाज करत होता. तो परत केला आणि नवा घेतला. उरलेले तीन लेथवर किंचित साफ करून गोल करून घेतले.

एक्सल ट्रॉलीच्या स्प्रिंगच्या पाट्यांना यू-बोल्टने आवळले. पाट्यांना किंवा त्यांच्या जवळपास कुठेही वेल्डिंग करू दिले नाही. पाट्याचे पोलाद तापवून थंड करून कडक केलेले असते, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने ते नेमके त्याच जागी ठिसूळ होते. घाईत हा नियम मोडला जातो आणि भर हंगामात पाटा तुटतो.

१९ सप्टेंबर

गणपतीनंतर कॉम्प्रेसर चढवला. तो इंजिनच्या पुढच्या पुलीवरून पट्ट्याने फिरतो. या एका कामात सगळ्यांत जास्त वेळ गेला.

पहिला ब्रॅकेट सहा मिलिमीटरच्या पत्र्याचा होता आणि इंजिनला दोनच बोल्टवर धरलेला होता. इंजिन चालू केल्यावर तो डोळ्यांना दिसेल इतका थरथरत होता. थोड्याच तासांत वेल्डिंगच्या कडेला केसासारखी चीर आली आणि पट्टा पुलीवरून उतरला. चीर पुन्हा भरून घेतली, तर ती शेजारी सरकली. चूक वेल्डिंगमध्ये नव्हती, ब्रॅकेटच्या आकारात होती, कारण कॉम्प्रेसरचे सगळे वजन बोल्टपासून हातभर लांब लटकत होते.

नवा ब्रॅकेट बारा मिलिमीटरच्या पाटीचा केला, त्याला खालून तिरपी पट्टी दिली आणि इंजिनच्या ब्लॉकवर आधीच असलेल्या तीन आटेदार छिद्रांत तो बसवला. वेल्डिंगसाठी ७०१८ क्रमांकाचा रॉड भट्टीत तापवून वापरला, कारण पावसाळ्यातल्या दमट रॉडने जोड आतून सच्छिद्र राहतो. बोल्ट डोक्यावर ८.८ ही मजबुतीची खूण उठवलेले आहेत. दोन्ही पुल्यांच्या चेहऱ्यांवरून ताणलेली दोरी चारही ठिकाणी टेकते का, ते पाहून कॉम्प्रेसर मागेपुढे सरकवला. आता पट्टा शांत चालतो.

टाकी पायरीच्या खाली बसवली. तिच्या तळाला पाणी काढण्याचा कॉक आहे. दाबलेल्या हवेतली वाफ टाकीत पाणी होऊन साचते, आणि ते रोज काढले नाही तर गंज व्हॉल्व्हमध्ये जातो. दाब चौरस सेंटिमीटरला ७.५ किलोवर पोहोचला की कॉम्प्रेसर आपोआप मोकळा फिरू लागतो. दाबाचा काटा चालकासमोर, मीटरच्या शेजारीच लावला. तो बॉनेटच्या कडेला लावण्याची पद्धत आहे, पण न दिसणारा काटा असून नसल्यासारखाच.

२ ऑक्टोबर

दोन्ही ट्रॉल्यांचे पाइप टाकून झाले. प्रत्येक ट्रॉलीला दोन पाइप जातात. लाल पाइपातून टाकी भरणारी हवा सतत जाते आणि पिवळ्या पाइपातून ब्रेक दाबल्याचा इशारा जातो. दोन्हींच्या जोडण्या एकमेकींत बसणार नाहीत अशाच घेतल्या. अंधारात आणि घाईत नुसता रंग ओळखून जोडण्यावर भरवसा ठेवता येत नाही.

दुकानदाराने सुरुवातीला पाण्याचा जाड पारदर्शक पाइप दिला होता. सायलेन्सरपासून वीतभर अंतरावर तो पहिल्याच दिवशी मऊ पडून फुगला. तो सगळा काढला. चेसीच्या कडेने ट्रकला वापरतात ती नायलॉनची नळी टाकली आणि जिथे हालचाल आहे तिथे जाळीचा रबरी पाइप टाकला. दांडीच्या जवळ पाइपाला स्प्रिंगने वर टांगून ठेवले आहे, म्हणजे वळताना तो जमिनीला घासत नाही.

मोठी अडचण मागच्या ट्रॉलीची निघाली. पायाने ब्रेक दाबल्यावर पहिल्या ट्रॉलीचे ब्रेक लगेच लागत, पण दुसरीचे सेकंदाहून अधिक उशिराने लागत. तेवढ्या वेळात मागची नऊ टन पुढचीवर येऊन आदळणार आणि वळणावर तिला आडवी करणार. कारण सरळ होते. ट्रॅक्टरच्या टाकीतली हवा लांबच लांब बारीक नळीतून जाऊन शेवटचे चेंबर भरत होती. प्रत्येक ट्रॉलीवर स्वतःची छोटी टाकी आणि रिले इमर्जन्सी व्हॉल्व्ह बसवला. आता चेंबर भरणारी हवा ट्रॉलीवरच्याच टाकीतून येते आणि पिवळ्या पाइपातून फक्त इशारा जातो. दोन्ही ट्रॉल्यांचे ब्रेक आता जवळजवळ एकदमच लागतात. डबल ट्रॉलीला हा व्हॉल्व्ह वगळून खर्च वाचवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच व्हॉल्व्हचा दुसरा उपयोगही तपासला. मोकळ्या रानात हळू चालत असताना लाल पाइपाची जोडणी दोरीने ओढून सोडवली. दोन्ही ट्रॉल्या जागच्या जागी जाम झाल्या. मात्र ट्रॉली उभी करून ठेवायची असेल तेव्हा यावर विसंबू नये. टाकीतली हवा हळूहळू झिरपते आणि ब्रेक सुटतात, म्हणून चाकाखाली लाकडी ठोकळे घालायचेच.

ब्रेकच्या पेडलला जोडलेल्या दांडीची लांबी अशी ठेवली आहे की ट्रॅक्टरचे ब्रेक लागण्याच्या क्षणभर आधी ट्रॉलीचे लागतात. त्यामुळे गाडा मागून ताणलेला राहतो. रस्त्यावर डावे-उजवे पेडल खिटीने एकत्र अडकवल्याशिवाय निघायचे नाही, हे चालकाला बजावले आहे.

११ ऑक्टोबर, खंडेनवमी

हत्यारांची पूजा झाल्यावर हुकाचे काम घेतले. ट्रॉलीची दांडी सरळ यावी म्हणून पूर्वी कोणीतरी ट्रॅक्टरचा हुक जमिनीपासून ८० सेंटिमीटरवर चढवला होता. चढावर २० टनांचा गाडा ओढताना हुकावर सव्वा टनाच्या आसपास ओढ येते. हुक जितका उंच, तितकी ती ओढ ट्रॅक्टरचे तोंड वर उचलते. ८० सेंटिमीटरवर पुढच्या चाकांचे सुमारे अर्धा टन वजन कमी होते, आणि मुळात तिथे असते ०.८ टन. अशा वेळी स्टिअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर वळत नाही. हुक ४५ सेंटिमीटरवर आणल्यावर ही घट पाव टनाच्या थोडी वर राहते. त्यासाठी ट्रॉलीची दांडी खाली वाकवून, दोन्ही बाजूंनी पाटी मारून नव्याने केली. पुढच्या बंपरवर वजनाच्या पाट्याही चढवल्या.

जुनी पिन साध्या सळईची होती आणि मधोमध घासून तिला कंबर आली होती. नवी ईएन-८ या मजबूत पोलादाच्या दांड्यातून लेथवर काढली, तिला खालून नट आणि त्यात चिमटा दिला. दोन्ही जोडांना १० मिलिमीटरच्या ग्रेड ८० (जास्त मजबुतीच्या पोलादाच्या) साखळ्या दोन-दोन लावल्या. अशा एका साखळीची कामाची क्षमता ३.१५ टन असते. साखळ्या दांडीच्या खालून एकमेकींना छेद देतील अशा अडकवल्या, म्हणजे पिन निघाली तरी दांडी रस्त्यात रुतण्याऐवजी साखळ्यांवर टेकते.

२० ऑक्टोबर

दिवे आणि रिफ्लेक्टर. मागे लाल, बाजूंना पिवळा आणि पुढे पांढरा पट्टा लावला. वायरिंगमध्ये अर्थिंगची वेगळी वायर शेवटपर्यंत नेली. चेसीवरून अर्थ घेतला की तो पिनेच्या गंजलेल्या जोडातून जातो आणि खड्ड्यागणिक दिवे मिचमिचतात.

उसाच्या ट्रॉलीची खरी अडचण वेगळीच आहे. भरल्यावर ऊस मागे दोन-तीन हात बाहेर येतो, वाढ्याचे शेंडे खाली लोंबतात आणि चेसीवरचे दिवे पूर्ण झाकले जातात. रात्री मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला काळ्या ढिगाशिवाय काही दिसत नाही. म्हणून दिव्यांची आडवी पट्टी मागे ओढता येणाऱ्या दोन नळ्यांवर बसवली. भरताना ती आत ढकलायची, भरून झाल्यावर उसाच्या टोकापर्यंत बाहेर ओढून खिटी घालायची. ही पट्टी बाहेर ओढल्याशिवाय फडातून गाडा हलवायचा नाही, असे ठरवले आहे.

२७ ऑक्टोबर

ऊस अजून मिळणार नव्हता, म्हणून प्रत्येक ट्रॉलीत दीड ब्रास मुरूम भरला आणि वजनकाट्यावर नेऊन एकूण वजन तपासले. गावाबाहेरच्या सपाट रस्त्यावर चुन्याची रेघ मारली. ताशी २५ किलोमीटरने येऊन रेघेवर ब्रेक दाबायचा आणि टेपने अंतर मोजायचे.

आधी ट्रॉलीचे पिवळे पाइप काढून, म्हणजे पूर्वीच्याच स्थितीत. गाडा ४० मीटरच्या पुढे जाऊन थांबला आणि ट्रॅक्टरच्या टायरचे दोन काळे पट्टे शेवटपर्यंत उमटले. नंतर पाइप जोडून. बारा-तेरा मीटरमध्ये थांबला, पट्टे उमटले नाहीत आणि गाडा सरळ रेषेत राहिला. आमचे चालक खाली उतरून दोन्ही दांड्यांकडे बघत म्हणाले, “अण्णा, आता ट्रॉली मागनं ढकलत न्हाई, धरून ऱ्हाती.”

त्याच दिवशी एक दोषही सापडला. परत आल्यावर चारही ड्रमांजवळ हात नेऊन पाहिला, तर मागच्या ट्रॉलीच्या डाव्या ड्रमाजवळ हात धरवत नव्हता. त्याचा स्लॅक ॲडजस्टर, म्हणजे लायनर आणि ड्रममधले अंतर कमीजास्त करणारा भाग, जास्त आवळला गेला होता आणि लायनर सतत टेकत होते. चाक जॅकवर उचलून, हाताने फिरवून, लायनर टेकेपर्यंत आवळून मग अर्धा वळसा मागे सोडला. पुन्हा फेरी मारल्यावर चारही ड्रम सारखे कोमट होते.

२१ नोव्हेंबर

१५ तारखेला हंगाम सुरू झाला, आणि मतदानासाठी गावी गेलेले तोडकरी परतल्यावर आमची पहिली भरलेली फेरी आज गेली. पहिल्याच दिवशी भरण्यावरून मुकादमाशी बोलावे लागले. ब्रेक बसले म्हणून आणखी दोन मोळ्यांचे थर चढवू, असे त्यांचे म्हणणे होते. ब्रेक हे आहे ते वजन थांबवण्यासाठी बसवले आहेत. वाढवलेल्या वजनाला ते पुन्हा अपुरे पडतील. नोंदणी पुस्तिकेतल्या वजनाबाहेर गेल्यास कायद्याने २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे, हेही त्यांना सांगितले. फेरीला टन कमी येतात आणि वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात, त्यामुळे उत्पन्नात घट होते हे खरे आहे. ती घट मी मान्य केली आहे.

१५ डिसेंबर

खर्चाचा हिशेब पुढे काम करणाऱ्यांसाठी देत आहे. दोन एक्सल ड्रम-चेंबरसह, नव्या ड्रमची किंमत धरून ५२,००० रुपये. कॉम्प्रेसर १४,५००. तीन टाक्या ९,०००. सगळे व्हॉल्व्ह १६,८००. पाइप आणि जोडण्या ८,७००. हुक, दांड्या, पिना आणि साखळ्या ११,५००. दिवे व रिफ्लेक्टर ६,२००. मजुरी २४,०००. पहिला ब्रॅकेट आणि वाया गेलेला पाइप ४,३००. एकूण १,४७,००० रुपये. एकच ट्रॉली असेल तर एक एक्सल, एक टाकी आणि एक व्हॉल्व्ह वजा होईल, पण कॉम्प्रेसरचा खर्च तेवढाच राहील.

आतापर्यंत पट्टा एकदा ताणून घ्यावा लागला आणि पहिल्या ट्रॉलीच्या पिवळ्या जोडणीतले रबरी वॉशर धुळीने कापले गेले म्हणून बदलले. आता जोडण्या सुट्या असताना त्यांवर झाकणे लावतो. टाकीतून रोज पहाटे पेलाभर पाणी निघते, थंडीत जरा जास्तच.

वाघबीळच्या उताराबद्दल मात्र निर्णय बदललेला नाही. तिथे दुसरी ट्रॉली न्यायची नाही. हिशेबाने दोन्ही ट्रॉल्या त्या उतारावर थांबतात, परंतु तो हिशेब कोरड्या रस्त्याचा आणि थंड ड्रमचा आहे. लांब उतारावर लायनर तापत गेले की त्यांची पकड उतरते, आणि त्या वळणांवर गाडा वळवून घ्यायला जागा नाही. त्या बाजूच्या फडाचा ऊस एका ट्रॉलीने, पहिल्या गिअरमध्येच उतरतो. पुढच्या आठवड्यात चारही ड्रम उघडून लायनरची जाडी मोजणार आहे आणि ते आकडे इथेच लिहीन.